कॅथलॅबमधील प्रतिमेचा दर्जा: रोजच्या कामात तो कसा टिकवावा

कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या मदतीने हृदयापर्यंत बारीक नळी (कॅथेटर) नेऊन तपासणी व उपचार करण्याच्या खोलीत, हृदयाच्या धमनीत जाणारी गाइडवायर (वाट करून देणारी तार) जेमतेम ०.३६ मि.मी. जाडीची असते. आजच्या स्टेंटच्या जाळीची तार तिच्याही पाव जाडीहून बारीक असते. या दोन्ही वस्तू, धडधडणाऱ्या हृदयाबरोबर सतत हलत असताना, छातीच्या वीस-पंचवीस सेंटिमीटर जाडीमागून डॉक्टरांना पडद्यावर दिसाव्या लागतात. साध्या छातीच्या एक्स-रेत थोडी धूसरता खपून जाते. कॅथलॅबमध्ये मात्र त्याच धूसरतेमुळे पन्नास टक्क्यांचा अडथळा सत्तरचा वाटू शकतो, किंवा स्टेंटचे टोक धमनीच्या तोंडाशी नेमके बसले आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून प्रतिमेचा दर्जा हा केवळ यंत्राच्या कंपनीचा किंवा सर्व्हिस इंजिनिअरचा विषय नसून, तो टेबलाजवळ उभ्या असलेल्या तंत्रज्ञाच्या दिवसभराच्या कामाचा भाग आहे. हा लेख मुख्यतः कॅथलॅबमधील तंत्रज्ञांसाठी आणि नव्याने या विभागात रुजू होणाऱ्या परिचारिका व निवासी डॉक्टरांसाठी लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. आधुनिक कॅथलॅबमध्ये एक्स-रेची मात्रा यंत्र स्वतः ठरवते. डिटेक्टरवर (रुग्णातून आलेले किरण टिपणाऱ्या फलकावर) पोहोचणारे किरण कमी पडू लागले की ऑटोमॅटिक एक्स्पोजर कंट्रोल किलोव्होल्ट, मिलिअँपिअर, पल्सची (किरणांच्या एका झोताची) लांबी आणि तांब्याचे फिल्टर यांत बदल करून पडद्यावरची उजळता जशीच्या तशी राखते. ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे बिघाड झाकलाही जातो. डिटेक्टर मंद झाला, चुकीचा प्रोग्राम निवडला गेला किंवा टेबल फार खाली ठेवले गेले, तरी चित्र जवळपास तसेच दिसत राहते. वाढतो तो रुग्णाचा आणि आपला डोस. म्हणून दर्जा राखायचा तर चित्राकडे पाहताना शेजारच्या आकड्यांकडेही पाहण्याची सवय लागली पाहिजे. या लेखातील जवळजवळ प्रत्येक सूचना याच सवयीशी जोडलेली आहे.

पहिले पाऊल: यंत्र चांगले असतानाची नोंद

यंत्र बिघडले आहे हे ठरवायचे तर ते चांगले असताना कसे होते, हे लिहिलेले हवे. नवी कॅथलॅब सुरू होताना, किंवा आज ज्यांच्याकडे अशी नोंद नाही त्यांनी यंत्राची रीतसर तपासणी झाल्याबरोबर, एक साधी चाचणी करून ठेवावी. छातीच्या जाडीला पर्याय म्हणून २० से.मी. उंचीचा ॲक्रिलिक पत्र्यांचा ठोकळा टेबलावर ठेवावा. सी-आर्म (एक्स-रे ट्यूब व डिटेक्टर धरणारा फिरता हात) सरळ उभा, टेबलाची उंची ठरलेली, ट्यूबपासून डिटेक्टरचे अंतर १०० से.मी., आणि नेहमी वापरला जाणारा हृदयाचा प्रोग्राम असा सगळा मेळ कागदावर लिहून ठेवावा. मग फ्लुरोस्कोपी (काम करताना दिसणारे थेट चित्र) व सिने (साठवण्यासाठी घेतलेले चलतचित्र) अशा दोन्ही प्रकारांत, प्रत्येक फील्डसाठी (चित्रात येणाऱ्या भागाच्या आकारासाठी), यंत्र किती किलोव्होल्ट, किती मिलिअँपिअर, किती मिलिसेकंदांची पल्स, किती जाडीचे तांब्याचे फिल्टर आणि दर मिनिटाला किती एअर कर्मा (हवेत मोजलेली किरणांची मात्रा) दाखवते, ते टिपून घ्यावे. ॲक्रिलिक मिळत नसेल तर तांब्याचे पत्रेही चालतात. अट एवढीच की दर वेळी तेच पत्रे, तेवढ्याच जाडीचे, त्याच जागी ठेवले जावेत.

याच ठोकळ्याच्या मधोमध बारीक तारांची पट्टी ठेवून तिचे चित्र साठवून ठेवावे. वापरून झालेल्या गाइडवायरचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवूनही अशी पट्टी तयार होते. ज्या रुग्णालयांना परवडते त्यांनी लीड्सच्या चाचणी-पट्ट्या किंवा नेमा एक्सआर-२१ हा खास हृदयाच्या कॅथलॅबसाठी बनवलेला फॅन्टम (चाचणीसाठी शरीराऐवजी ठेवायची वस्तू) घ्यावा. परंतु महागडा फॅन्टम कपाटात पडून राहण्यापेक्षा साधा ठोकळा दर महिन्याला वापरला जाणे कितीतरी जास्त उपयोगाचे आहे.

दिवसाची सुरुवात

क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९५८ साली मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमनीत थेट डाय (एक्स-रेत धमनी गडद दिसावी म्हणून दिले जाणारे द्रव्य) सोडून पहिले चित्रण केले, त्यानंतर कित्येक दशके हे काम ३५ मि.मी. सिनेफिल्मवर चालत असे. फिल्म धुण्याच्या रसायनांचे तापमान आणि ताकद रोज सकाळी चाचणी-पट्टी धुऊन तपासली जाई, कारण ती न तपासल्यास दिवसभराच्या केसेस वाया जात. २००० सालानंतर फ्लॅट पॅनेल डिटेक्टर आले, फिल्म गेली, आणि तिच्याबरोबर सकाळच्या तपासणीची शिस्तही अनेक ठिकाणी गेली. ती परत आणायला दहा मिनिटे पुरतात.

प्रथम खोलीचे तापमान आणि आर्द्रता पाहावी आणि वहीत लिहावी. डिटेक्टरचे इलेक्ट्रॉनिक्स तापमानाला संवेदनशील असते. शीतकरणाच्या चिलरमधील पाण्याची पातळी कमी झाली किंवा एसी रात्रभर बंद राहिला, तर सकाळच्या पहिल्या दोन केसेसमध्ये चित्रावर उभ्या पट्ट्या किंवा असमान पार्श्वभूमी दिसू शकते. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता इतकी वाढते की एसी बंद करून वीज वाचवण्याचा मोह यंत्राला महागात पडतो. यंत्र सुरू केल्यावर डिटेक्टर स्थिर होण्यासाठी कंपनीने सांगितलेला वेळ द्यावा. थंड ट्यूबवर एकदम मोठा सिने रन (एका वेळचे सलग चित्रण) न करता कंपनीच्या पद्धतीने ती आधी तापवून घ्यावी.

त्यानंतर टेबल, गादी, डिटेक्टरचा दर्शनी पृष्ठभाग आणि ट्यूबवरचे आवरण ओल्या कापडाने पुसावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्याकडे दुर्लक्ष होणे सर्वांत जास्त दिसते. डायमध्ये आयोडीन असते. त्याचा थेंब गादीच्या शिवणीत किंवा ट्यूबच्या आवरणावर वाळला, की तो पुढच्या प्रत्येक रुग्णाच्या चित्रात काळा ठिपका होऊन बसतो. ट्यूबजवळचा ठिपका तर मोठा होऊन दिसतो आणि धमनीवरून सरकताना गाठीसारखा भासतो. निर्जंतुक प्लास्टिकची आवरणे घालताना त्यांच्या घड्या किरणांच्या मार्गात येणार नाहीत, हेही पाहावे.

शेवटी पडद्याची तपासणी करावी. यंत्रातच साठवलेला चाचणी-नमुना उघडून काळ्या चौकोनातील ५ टक्क्यांचा आणि पांढऱ्या चौकोनातील ९५ टक्क्यांचा चौकोन दोन्ही वेगळे दिसतात का, हे खोलीतील दिवे नेहमीइतके मंद ठेवून, डॉक्टर जिथे उभे राहतात तिथून पाहावे. तंत्रज्ञाच्या खोलीतील पडदा आणि टेबलासमोरचा पडदा यांच्यात फरक दिसत असेल, तर कुणीतरी उजळतेची बटणे हलवली आहेत किंवा पडदा जुना झाला आहे. अशा वेळी डोळ्यांना बरे वाटेल तसे बटण फिरवू नये. वैद्यकीय पडद्याची राखाडी छटांची मांडणी डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानकात ठरलेल्या प्रमाणानुसार असते आणि ती मोजणीच्या उपकरणानेच पुन्हा जुळवावी लागते. स्पिरिटने पडदा पुसल्यास त्यावरचा चकाकी रोखणारा थर खराब होतो, म्हणून कंपनीने सांगितलेलेच द्रावण वापरावे.

रुग्णाला टेबलावर घेताना

रुग्णाच्या अंगावरील धातू काढून ठेवण्याचे काम वॉर्डमध्येच व्हायला हवे, पण शेवटची खात्री कॅथलॅबमध्येच करावी. मंगळसूत्र, साखळी, ताईत, ब्लाउजचे हूक या गोष्टी धमनीच्या वाटेवर येतात. मंगळसूत्र काढण्याबद्दल एखाद्या बाईच्या मनात घालमेल असेल, तर तिला कारण समजावून सांगावे आणि ते लाल धाग्यात ओवून हाताला बांधण्यास किंवा नातेवाइकांकडे देण्यास वेळ द्यावा; घाईघाईने ओढून काढण्यासारखे काही नाही. ईसीजीचे इलेक्ट्रोड खांद्यांवर आणि पोटाच्या खाली लावावेत आणि त्यांच्या वायरी छातीच्या कडेने न्याव्यात. डिफिब्रिलेटरचे पॅड लावणे भाग असेल तर किरणांना जवळजवळ पारदर्शक असलेले पॅड निवडावेत.

रुग्णाची उंची व वजन यंत्रात अचूक भरावे, कारण काही यंत्रे त्यावरून सुरुवातीची मात्रा ठरवतात. यानंतर हृदय सी-आर्मच्या फिरण्याच्या केंद्रबिंदूवर, म्हणजे आयसोसेंटरवर आणावे. सी-आर्म सरळ ठेवून टेबल सरकवत हृदय मध्ये घ्यावे; मग सी-आर्म बाजूला फिरवून फक्त टेबलाची उंची बदलत ते पुन्हा मध्ये आणावे. हे एकदा नीट झाले की पुढच्या प्रत्येक कोनात हृदय आपोआप चौकटीत राहते. टेबल पुन्हा पुन्हा सरकवावे लागत नाही आणि चित्र घेताना होणारी धूसरताही टळते.

सर्वांत महत्त्वाची तालीम श्वासाची आहे. रुग्णाने खोल श्वास घेऊन धरला की श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायू, खाली जातो, त्याची दाट सावली हृदयावरून हटते, आणि यंत्राला कमी किलोव्होल्टमध्ये काम भागवता येते. विशेषतः डोक्याच्या बाजूने झुकवलेल्या व्ह्यूमध्ये हा फरक लगेच दिसतो. परंतु भीतीने गांगरलेल्या माणसाला ऐनवेळी "श्वास रोखा" म्हटले, तर तो अर्धवट श्वास घेतो किंवा पोट आवळून धरतो. म्हणून डाय देण्याआधी, शांतपणे आणि रुग्णाच्या भाषेत, दोन वेळा सराव करून घ्यावा: "काका, मोठा श्वास आत घ्या... तसाच धरा... आता सोडा." ज्याला धाप लागली आहे त्याच्याकडून हे करून घेण्याचा आग्रह धरू नये.

अंतर आणि कोन

दिव्यापासून हात दूर नेऊन भिंतीला टेकवला की त्याची सावली लहान पण ठसठशीत होते. एक्स-रेचेही तसेच आहे. डिटेक्टर रुग्णाच्या छातीला जितका जवळ तितके चित्र रेखीव आणि डोस कमी. आकड्यांत पाहायचे तर ०.६ मि.मी. आकाराच्या फोकल स्पॉटमुळे (ट्यूबमध्ये किरण जिथून निघतात त्या ठिपक्यामुळे) येणारी कडांची धूसरता १.३ पट मोठेपणाच्या वेळी डिटेक्टरवर ०.१८ मि.मी. असते, ती १.५ पट झाल्यावर ०.३ मि.मी. होते. त्याचबरोबर ट्यूब-डिटेक्टरचे अंतर १०० वरून १२० से.मी. केले, तर डिटेक्टरवर तेवढेच किरण पोहोचवण्यासाठी यंत्राला सुमारे ४४ टक्के जास्त मात्रा द्यावी लागते. कोन बदलताना धडक होऊ नये म्हणून डिटेक्टर वर उचलला जातो, हे योग्यच आहे. चूक ही होते की कोन बसल्यावर तो परत खाली आणायचा राहून जातो. सहायकाने प्रत्येक कोनानंतर डिटेक्टर खाली आणणे हा आपल्या कामाचा ठरलेला भाग मानावा.

टेबल मात्र ट्यूबपासून शक्य तितके उंच ठेवावे, कारण ट्यूबजवळ आलेल्या कातडीवर मात्रा एकवटते. आयसोसेंटर आणि टेबलाची उंची यांचा मेळ घालताना डॉक्टरांची उंचीही विचारात घ्यावी लागते. ठेंगण्या डॉक्टरांना पायाखाली पाट देणे हे टेबल खाली घेण्यापेक्षा चांगले.

कोनांच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की कोन जितका तिरका, तितकी किरणांची शरीरातील वाट लांब. शरीराची जाडी तीन-चार सेंटिमीटरने वाढली की मात्रा साधारण दुप्पट होते. डाव्या मुख्य धमनीचे विभाजन पाहण्यासाठी घेतला जाणारा डावा तिरका-कॉडल (पायांच्या बाजूने झुकवलेला) व्ह्यू, ज्याला सगळे 'स्पायडर व्ह्यू' म्हणतात, तो याच कारणाने सर्वांत जास्त मात्रेचा आणि सर्वांत फिक्या चित्राचा असतो. तो टाळता येत नाही, पण त्यात दीर्घ फ्लुरोस्कोपी टाळता येते. चार-पाच अंश कोन कमी करून विभाजन तितकेच उघडे दिसत असेल, तर कमी कोन घ्यावा. जिथे एकाच कॅथलॅबमध्ये पायाच्या व मेंदूच्या धमन्यांचेही काम चालते, तिथे ३० × ४० से.मी.चा मोठा डिटेक्टर असतो, आणि तो तिरक्या कोनांत छातीला जवळ येऊ शकत नाही. प्रामुख्याने हृदयाचेच काम होणार असेल तर खरेदीच्या वेळीच २० × २० से.मी.चा डिटेक्टर मागावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रोग्राम: आकड्यांचा खरा खेळ

आयोडीन ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडे वरच्या ऊर्जेचे किरण सर्वांत जोमाने शोषते. त्यामुळे डायने भरलेली धमनी ७० ते ८० किलोव्होल्टच्या आसपास गडद, उठावदार दिसते. रुग्ण जाड असेल किंवा कोन तिरका असेल तर यंत्र किलोव्होल्ट वाढवत जाते, आणि ते ११०-१२० वर पोहोचले की धमनी व पार्श्वभूमी यांतला फरक मावळतो. म्हणून चित्र फिके वाटल्याबरोबर आधी किलोव्होल्टचा आकडा पाहावा. तो वर गेला असेल तर उपाय पडद्याच्या बटणांत सापडणार नाही. कोन कमी करणे, डिटेक्टर जवळ आणणे, चौकट लहान करणे आणि श्वास नीट धरून घेणे हेच उपाय आहेत.

दुसरा आकडा पल्सच्या लांबीचा. उजवी धमनी हृदयाच्या ठोक्याबरोबर सर्वांत जास्त हलते. एखाद्या क्षणी ती सेकंदाला १०० मि.मी. वेगाने सरकते असे धरले, तर १० मिलिसेकंदांच्या पल्समध्ये ती १ मि.मी. पुढे गेलेली असते, आणि तीन मि.मी. रुंदीच्या धमनीत एक मि.मी.ची धूसरता म्हणजे अडथळ्याचे मोजमाप विसरावे. प्रौढांसाठी पल्स साधारण ५ ते ८ मिलिसेकंदांत राहील आणि लहान मुलांसाठी त्याहूनही कमी राहील, असा प्रोग्राम इंजिनिअरकडून बसवून घ्यावा.

तिसरा आकडा फ्रेमचा. प्रौढांच्या सिनेसाठी सेकंदाला १५ फ्रेम पुरतात आणि फ्लुरोस्कोपीसाठी ७.५ पल्सवर बहुतेक काम होते. सवय नसलेल्या डॉक्टरांना ७.५ वर हालचाल तुटक वाटते, पण काही आठवड्यांत डोळे जुळवून घेतात; आग्रह धरायचा तो कॅथेटर बसवणे, वायर पुढे नेणे अशा साध्या टप्प्यांपासून धरावा आणि पूर्ण बंद झालेली धमनी उघडण्यासारख्या नाजूक कामात गरजेनुसार १५ वर जाण्यास अडवू नये. प्रौढांच्या कोणत्याही कामासाठी ३० फ्रेम हा कायमचा डिफॉल्ट ठेवणे योग्य नाही.

चित्रातील दाणेदारपणाविषयी एक हिशेब नेहमी कामी येतो: दाणेदारपणा निम्मा करायचा असेल तर मात्रा चौपट करावी लागते. त्यामुळे 'हाय डोस' बटण दाबण्याआधी विचारावे की आता जे पाहायचे आहे त्यासाठी गुळगुळीत चित्र खरोखर लागते का. कॅथेटर महाधमनीच्या कमानीतून नेताना लागत नाही. स्टेंटच्या कडा पाहताना लागते, आणि तेही काही सेकंदांपुरते. काही यंत्रे आधीच्या फ्रेम एकमेकींत मिसळून दाणे कमी करतात. हा फिल्टर जास्त तीव्र ठेवला तर हलणाऱ्या वायरच्या मागे पुसट शेपटी दिसते. अशी शेपटी दिसू लागल्यास यंत्र बिघडले असे समजण्याआधी हा फिल्टर तपासावा.

फील्ड लहान केल्यावर चित्र मोठे दिसते, पण बहुतेक यंत्रे त्याबरोबर डिटेक्टरची मात्राही वाढवतात. डिटेक्टरचा पिक्सेल ०.२ मि.मी.चा असेल तर मिलिमीटरमागे अडीच रेषा-जोड्यांपलीकडचा तपशील तो कितीही मोठा केला तरी देऊ शकत नाही. नुसते मोठे पाहायचे असेल तर डिजिटल झूम वापरावा, आणि लहान फील्ड स्टेंट बसवण्याच्या क्षणासाठी राखून ठेवावे.

चौकट आणि वेज

विखुरलेले किरण चित्राला धुक्यासारखे झाकतात, आणि ते किती निर्माण होतात हे उघड्या चौकटीच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. कोलिमेटरच्या (किरणांची चौकट लहान-मोठी करणाऱ्या भागाच्या) पात्या हृदयाच्या कडांपर्यंत आत घेणे ही मात्रा आणि दर्जा दोन्ही एकाच वेळी सुधारणारी कृती आहे. बहुतेक यंत्रांत थांबलेल्या शेवटच्या चित्रावरच, किरण न सोडता, पात्या हलवता येतात. ती सोय वापरावी.

फुप्फुसांत हवा असल्यामुळे हृदयाच्या शेजारी लख्ख पांढरा पट्टा येतो. डोळे दिपतात, आणि मोजणीच्या भागात तो आल्यास यंत्र गोंधळून मात्रा चुकीची ठरवते, त्यामुळे धमनी एकतर काळवंडते नाहीतर फिकी पडते. अर्धपारदर्शक वेज फिल्टर नेमका त्या पट्ट्यावर तिरका आणून ठेवावा. कोन बदलला की वेजही पुन्हा लावावा लागतो. आधीच्या कोनातला वेज धमनीवर आडवा पडलेला दिसणे ही वारंवार होणारी गोष्ट आहे.

डाय देण्याची रीत

उत्तम यंत्रही अर्धवट भरलेल्या धमनीचे चांगले चित्र देऊ शकत नाही. डाय हळू किंवा कमी गेली तर ती रक्तात पट्ट्यांसारखी मिसळते आणि निरोगी जागी अडथळा किंवा गुठळी असल्याचा भास होतो. डावीकडे एका व्ह्यूला साधारण ६ ते ८ मि.ली. आणि उजवीकडे ४ ते ६ मि.ली. डाय हाताने, एकसारख्या दाबाने द्यावी लागते; पहिल्या दोन-तीन ठोक्यांत थोडी डाय महाधमनीत परत ओघळलेली दिसली, की धमनी तोंडापासून पूर्ण भरली असे समजावे. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णात डाय वाचवायची तर व्ह्यू कमी करावेत, प्रत्येक व्ह्यूमधली डाय अर्धी करू नये.

थंड डाय दाट असते आणि ५ फ्रेंच मापाच्या बारीक कॅथेटरमधून नेटाने जात नाही. ती ३७ अंशांपर्यंत कोमट केलेली असावी. सिरिंज आणि मॅनिफोल्डमध्ये (नळ्या एकत्र जोडणाऱ्या भागात) हवेचा बुडबुडा नसावा. रुग्णाला असलेला धोका तर आहेच, शिवाय चित्रात तो गुठळीसारखा दिसतो. सिने डाय देण्याच्या क्षणभर आधी सुरू करावा आणि डाय शिरेच्या बाजूला जाईपर्यंत चालू ठेवावा. बंद धमनीला दुसरीकडून आलेल्या उपशाखा शेवटच्या काही सेकंदांतच दिसतात, आणि पेडलवरून पाय लवकर उचलल्याने तो रन पुन्हा घ्यावा लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत नियम थोडे बदलतात. त्यांचे हृदय जलद धडधडते म्हणून २५-३० फ्रेम योग्य ठरतात, मुलांसाठीचा वेगळा प्रोग्राम निवडावाच लागतो, आणि २० किलोच्या आतील बाळासाठी डिटेक्टरवरची ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढून ठेवल्यास दर्जा फारसा न ढळता मात्रा लक्षणीय कमी होते. केस संपल्यावर ग्रिड परत बसवली की नाही, याची नोंद मात्र त्याच वहीत करावी.

साठवण आणि सीडी

तालुक्याच्या गावात अँजिओग्राफी झालेला रुग्ण बायपाससाठी पुण्या-मुंबईला जातो, तेव्हा तिथले सर्जन त्याच्याजवळच्या सीडीवरच निर्णय घेतात. १०२४ × १०२४ पिक्सेलची आठ-बिटची एक फ्रेम सुमारे एक मेगाबाइटची असते. १५ फ्रेमच्या गतीने सहा सेकंदांचा रन ९० मेगाबाइटचा होतो आणि आठ रन मिळून साध्या सीडीची क्षमता ओलांडतात. म्हणून सीडी बनवताना मूळ तपशील न घालवणारे संकोचन निवडावे, किंवा डीव्हीडी वा पेन ड्राइव्ह द्यावा. आकार कमी करण्यासाठी व्हिडिओ फाइल करून देऊ नये. सीडी दिल्यानंतर ती दुसऱ्या साध्या संगणकावर उघडते का, हे पाहूनच रुग्णाच्या हाती द्यावी. पडद्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून ते व्हॉट्सॲपवर पाठवणे आता सर्रास चालते. तातडीच्या प्रसंगी पूर्ण बंद धमनी दाखवण्यास ते ठीक आहे, पण मध्यम अडथळ्याबाबतचा निर्णय त्यावर घेऊ नये.

महिन्याची चाचणी आणि नियामक मंडळ

महिन्यातून एकदा, केसेस संपल्यावर, सुरुवातीला सांगितलेला ठोकळा त्याच मांडणीत ठेवून तेच आकडे पुन्हा घ्यावेत. किलोव्होल्ट किंवा एअर कर्मा हळूहळू वर सरकत असेल तर चित्र चांगले दिसत असले तरी इंजिनिअरला बोलवावे. एका महिन्याच्या फरकापेक्षा सलग तीन महिन्यांचा कल अधिक बोलका असतो. त्याच वेळी तारांच्या पट्टीचे चित्र जुन्या चित्राशेजारी लावून पाहावे, आणि ठोकळ्याचे एकसारखे राखाडी चित्र घेऊन त्यात मृत रेषा, डाग किंवा एकमेकांशी न जुळणारे चौकोनी पट्टे आहेत का, हे तपासावे.

भारतात हृदयाच्या कॅथलॅबचे यंत्र चालवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना ई-लोरा या प्रणालीतून घ्यावा लागतो, किरण-सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि गुणवत्ता तपासणी दर दोन वर्षांनी तसेच मोठ्या दुरुस्तीनंतर करून घ्यावी लागते. दोन वर्षांची ही तपासणी आवश्यक आहे, पण दोन तपासण्यांमधला काळ आपल्या मासिक नोंदींनीच भरून निघतो. प्रत्येक केसचा एकूण एअर कर्मा आणि डोस-एरिया प्रॉडक्ट (मात्रा गुणिले किरणांचे क्षेत्रफळ) लिहून ठेवावा. २ ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) पुढे कातडीवर तात्पुरती लाली येऊ शकते, आणि ५ ग्रे ओलांडलेल्या रुग्णाची पाठ पुढच्या आठवड्यांत तपासली गेलीच पाहिजे. सारख्याच प्रकारच्या केसेसमध्ये हे आकडे अचानक वाढू लागले, तर तेही दर्जा ढासळल्याचे लक्षण असू शकते.

चित्र बिघडलेच तर

केस सुरू असताना चित्रात डाग दिसला तर टेबल थोडे सरकवावे. डाग टेबलाबरोबर सरकला तर तो गादीवर किंवा रुग्णाच्या अंगावर आहे. जागेवरच राहिला तर ट्यूब-डिटेक्टरचे अंतर बदलून पाहावे: आकार बदलला तर तो ट्यूबच्या बाजूला, कोलिमेटरवर किंवा आवरणावर आहे, आणि मुळीच न बदलता तसाच राहिला तर डिटेक्टरवर. आधीच्या रनमधील कॅथेटरची पुसट छाया नव्या चित्रात दिसत असेल, तर डिटेक्टरवर उरलेल्या विद्युतभाराचा तो परिणाम असतो. थोडा वेळ थांबल्यास तो विरतो, पण रोज दिसू लागला तर कॅलिब्रेशन करून घ्यावे. बारीक समांतर रेषा दिसल्या तर ग्रिड नीट बसली आहे का आणि अंतर तिच्या मर्यादेत आहे का, हे पाहावे.

इंजिनिअरने ट्यूब, डिटेक्टर किंवा कोलिमेटर बदलला, कॅलिब्रेशन केले किंवा सॉफ्टवेअर नवे टाकले, की पुढचा रुग्ण घेण्याआधी ठोकळ्याची चाचणी पुन्हा करावी. सॉफ्टवेअर अद्ययावत करताना प्रोग्राम मूळ कारखान्याच्या स्थितीत परत गेल्याचे, आणि त्यामुळे ७.५ पल्सच्या जागी १५ किंवा ३० पल्स सुरू झाल्याचे प्रकार घडतात. पडद्यावर चित्र अधिकच सुरेख दिसत असल्यामुळे कुणी तक्रारही करत नाही. इंजिनिअर खोलीत असतानाच जुने आणि नवे आकडे शेजारी लिहावेत, फरक दिसल्यास त्याचे कारण त्याच्याकडून सर्व्हिस रिपोर्टवर लिहून घ्यावे, आणि त्यानंतरच रिपोर्टवर सही करावी.